गिरणीची चिमणी आणि खाणावळीचे ताट : जुन्या वास्तूंच्या खाद्यदालनातील रूपांतराची चिकित्सा

सारांश

वापराबाहेर गेलेल्या जुन्या वास्तूचे खाद्यदालनात रूपांतर करणे हा वारसाजतनाचा एक सोयीचा मार्ग मानला जाऊ लागला आहे. महाराष्ट्रात असे रूपांतर ठळकपणे घडले ते मुंबईच्या गिरणगावातील कापडगिरण्यांच्या आवारांत. प्रस्तुत लेखात या रूपांतराची चिकित्सा केली आहे. जपलेल्या भिंती व चिमण्या हा त्याच्या यशाचा पुरेसा पुरावा ठरत नाही. त्या वास्तूत कोण रांधतो, कोण जेवतो आणि जागेविषयीचे निर्णय कोण घेतो, या तीन कसोट्यांवर त्याचे मूल्यमापन व्हावे, असे प्रतिपादन येथे केले आहे. शेवटी या कसोट्यांचा विचार यवतमाळ जिल्ह्याच्या, विशेषतः मारेगावसारख्या तालुक्याच्या गावांच्या संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : वारसाजतन, खाद्यदालन, गिरणगाव, खाणावळ, सहभोजन, महिला बचतगट.

प्रस्तावना

जुनी वास्तू दोन कारणांनी नष्ट होते. ती पाडली जाते, किंवा तिचा वापर थांबतो आणि मग पाऊस, वाळवी व झाडांची मुळे ती हळूहळू पाडतात. दुसऱ्या प्रकारचा नाश अधिक व्यापक असतो; पण तो संथपणे होत असल्याने कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणूनच १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूला समाजोपयोगी वापर मिळाल्यास तिचे जतन सुकर होते, हे तत्त्व मान्य केले. मात्र त्या वापरासाठी वास्तूची मांडणी व सजावट बदलू नये, अशी अटही घातली. पुढील काळात या तत्त्वाचा पहिला भाग सर्वत्र उद्धृत झाला, दुसरा भाग कमी उद्धृत झाला आणि 'समाजोपयोगी' या विशेषणाचा अर्थ तर फारसा कोणी तपासलाच नाही.

जुन्या वास्तूला नवा वापर शोधताना खाद्यदालनाची निवड वारंवार होते. त्याची कारणे उघड आहेत. मोठी मोकळी दालने, उंच छप्पर व प्रशस्त आवार यांचा उपयोग तेथे सहज होतो. अन्नाला गिऱ्हाईक मिळते आणि देखभालीचा खर्च निघतो. माद्रिदमधील १९१६ ची सान मिगेल मंडई २००९ मध्ये अशाच रूपात पुन्हा उघडली. लिस्बनमधील रिबेरा मंडईच्या एका भागात २०१४ पासून असे दालन चालते. या दोन्ही ठिकाणी वास्तू वाचल्या हे मान्य करावेच लागते. तथापि जी मंडई शेजारच्या वस्तीची रोजची गरज भागवत होती, ती मुख्यतः पर्यटकांच्या हौसेचे ठिकाण झाली, हेही तितकेच खरे आहे. वास्तू वाचली म्हणजे नेमके काय वाचले, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

'सामुदायिक' या शब्दाची व्याप्ती

अशा दालनांना 'सामुदायिक' म्हणण्याची प्रथा आहे. मराठी समाजाच्या संदर्भात हा शब्द सैलपणे वापरता येत नाही. एकत्र जेवणे ही येथे साधी कृती कधीच नव्हती. कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाच्या हातचे खावे, पाण्याला कोणी शिवावे यांवर जातिव्यवस्था उभी होती. म्हणूनच सहभोजन हा सामाजिक सुधारणेचा एक कार्यक्रम झाला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी 'सत्यसुधारक' हे उपाहारगृह सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तेथे चहा घेतला. एका अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा राजाने पिणे हे त्या काळी शंभर भाषणांपेक्षा मोठे विधान होते.

या परंपरेच्या प्रकाशात पाहिले तर खाद्यदालनाला एक गुण निःसंशय द्यावा लागतो. तेथे येणाऱ्याला जात विचारली जात नाही. अनोळखी माणसे एकाच मेजावर बसतात. ज्या समाजात पंक्तिभेद शतकानुशतके चालला, तेथे ही उपलब्धी किरकोळ मानता येणार नाही. परंतु जात विचारली न जाणे आणि सर्वांना प्रवेश असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दरवाजावर पाटी नसली तरी दरपत्रक असते आणि दरपत्रकही माणसे वगळण्याचे काम करते. 'सामुदायिक' हे विशेषण म्हणूनच इमारतीच्या रचनेतून सिद्ध होत नाही; ते तेथील ताटाच्या किमतीतून आणि ते ताट वाढणाऱ्याच्या हक्कांतून सिद्ध करावे लागते.

गिरणगावची खाणावळ

मुंबईत १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील दशकांत परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी या भागांत गिरण्यांची दाटी झाली. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार बहुधा एकटा असे. गावाकडे कुटुंब ठेवून तो चाळीतल्या एका खोलीत अनेकांसोबत राही. त्याच्या जेवणाची सोय कोणी केली, हा गिरणगावच्या इतिहासातला दुय्यम वाटणारा पण मूलभूत प्रश्न आहे. ती सोय खाणावळवाल्या बायांनी केली. विधवा, परित्यक्ता, किंवा नवऱ्याच्या पगारात घर न भागणाऱ्या या स्त्रियांनी आपल्या खोलीतच चूल मांडली. महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचे जेवण त्या देत. पगार लांबला तर उधारी सोसत आणि संप झाला तर ती उधारी अनिश्चित काळ वाढत जाई.

या खाणावळीचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतचे कष्ट, धुराने भरलेली खोली आणि सावकाराचे व्याज हे तिचे वास्तव होते. जेवणारे बहुधा एका मुलुखातले वा एका जातीचे असत. गिरणीतही भेद होताच. विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्यापासून दूर ठेवले जाई, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. तेव्हा गिरणगावची पंगत सर्वांना सामावून घेणारी होती असे म्हणता येणार नाही. परंतु ती कामगाराच्या मिळकतीशी बांधलेली होती आणि ती चालवणारी स्त्री आपल्या चुलीची मालकीण होती.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. राष्ट्रीयीकृत बँकांकडून अल्प रकमेची कर्जे मिळवून देणे आणि सावकाराच्या विळख्यातून त्यांना सोडवणे हा या कार्याचा गाभा होता. अन्न शिजवणे हे घरकाम नसून उत्पादक श्रम आहे, ही मान्यता या चळवळीने मिळवली. आज खाद्यदालनांच्या चर्चेत 'उद्योजकता' हा शब्द सर्रास येतो. त्या शब्दाचा खरा वारसा गिरणगावात कोणाकडे जातो, हे यावरून ध्यानात येईल.

गिरणीच्या कुंपणाच्या आतही जेवणाची एक सामुदायिक व्यवस्था होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४६ ने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर उपाहारगृहाची सक्ती करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. त्या उपाहारगृहाच्या व्यवस्थापन समितीत कामगारांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूदही याच कलमात होती. जेवणाऱ्याचा व्यवस्थापनात वाटा असावा ही कल्पना कायद्यालाही परकी नव्हती. ज्या आवारात ती कायद्याने नांदली, त्याच आवारात पुढे ती पूर्ण विसरली गेली.

गिरणी ते खाद्यदालन

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो यशस्वी झाला नाही आणि त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. खाणावळी त्यांच्यासोबतच ओसरल्या. जेवणाराच उरला नाही तेथे चूल कोणासाठी पेटणार? जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाची पडझड मराठी रंगभूमीवर आणली. नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या २००४ मधील मौखिक इतिहासाने तर शेकडो आवाज नोंदवून ठेवले. साहित्याने व इतिहासलेखनाने आपले काम केले. प्रश्न उरतो तो नगररचनेचा.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी सुचवली होती : एक भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक भाग म्हाडाला घरांसाठी आणि एक भाग मालकाला. या सूत्रात एक पळवाट राहिली. जुन्या बांधकामाचा सांगाडा ठेवून आतला वापर बदलला, तर वाटणीचा प्रसंग टाळता येई. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दुरुस्तीच्या अन्वयार्थाबाबत याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

वारसाजतनाच्या दृष्टीने या घटनाक्रमाचा अर्थ गंभीर आहे. जुनी इमारत टिकवणे ही सर्वसाधारणपणे पुण्यकृती मानली जाते. येथे मात्र इमारत टिकवणे हे जमिनीतला लोकांचा हिस्सा टाळण्याचेही साधन ठरू शकत होते. फिनिक्स मिलच्या आवारात चिमणी उभी राहिली व तिच्या पायथ्याशी दुकाने व उपाहारगृहे आली. कमला मिलच्या आवारात कार्यालयांबरोबर उपाहारगृहांची दाटी झाली. विटांच्या भिंती, लोखंडी तुळया व कौलारू उतार हे सजावटीचे घटक झाले. गिरणीची आठवण देणारे सारे काही तेथे होते. गिरणीत काम केलेला माणूस जेवायला बसू शकेल अशी जागा मात्र नव्हती.

या रूपांतराच्या समर्थनार्थ मांडले जाणारे मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. बंद गिरण्या कोणालाच रोजगार देत नव्हत्या. उपाहारगृहांनी हजारो तरुणांना काम दिले आणि त्यांत गिरणी कामगारांची मुलेही असू शकतात. खासगी पैसा आला नसता तर काही इमारती कोसळल्याही असत्या. हे मान्य करूनही एक भेद उरतोच. खाणावळवाली बाई आपल्या चुलीची मालकीण होती. खाद्यदालनातला मुलगा दुसऱ्याच्या भटारखान्यातला नोकर आहे. रोजगार मिळाला, पण धंद्यावरचा हक्क पुढच्या पिढीकडे आला नाही.

२८ व २९ डिसेंबर २०१७ च्या दरम्यानच्या रात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक गुदमरून गेले. त्यानंतर महापालिकेने शहरभर अवैध बांधकामांवर कारवाई केली. ही दुर्घटना केवळ परवान्यांच्या प्रश्नापुरती पाहिली जाते; परंतु ती रूपांतराच्या पद्धतीवरचेही भाष्य आहे. औद्योगिक इमारत ज्या कामासाठी बांधली होती, त्या कामाचे धोके तिच्या रचनेत गृहीत धरले होते. नवा वापर आणताना नव्या धोक्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. गर्दी, शेगड्या, तात्पुरती आच्छादने व बाहेर पडण्याचे मार्ग यांचा विचार न करता केवळ बाह्यरूप जपणे हे जतन नव्हे.

दोन वेगळे अनुभव

या अनुभवाशेजारी कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाउस ठेवून पाहावे. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या ॲल्बर्ट हॉलमध्ये १९४२ साली कॉफी मंडळाने कॉफीगृह सुरू केले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरवले, तेव्हा कामगार नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने देशभर कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. कोलकात्याचे कॉफीगृह १९५८ मध्ये बंद झाले आणि त्याच वर्षी पुन्हा उघडले. प्रेसिडेन्सी महाविद्यालय व कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकांनी त्यासाठी शासनाकडे निवेदन दिले होते. अध्यापकवर्गाने एखादी वास्तू नव्हे, तर तिच्यातला एकत्र बसण्याचा व्यवहार वाचवण्यासाठी हस्तक्षेप केला, याची नोंद महाविद्यालयीन वाचकांनी आवर्जून घ्यावी. तेथील भिंतींचा रंग उडाला असेल, सेवा संथ असेल. पण चालवणारे कामगार संस्थेचे सभासद आहेत आणि विद्यार्थ्याला एका पेल्यावर तासन् तास बसता येते.

दुसरा अनुभव मंडयांचा आहे. मुंबईची १८६९ मधील क्रॉफर्ड मार्केटची वास्तू आणि पुण्याची १८८६ मधील रे मार्केटची वास्तू या दोन्हींना आज महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. पुण्याच्या मंडईला ते आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने मिळाले. यातला विरोधाभास प्रसिद्ध आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना फुले यांनी या मंडईवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा अशी त्यांची भूमिका होती. आज मंडई पुण्याची शान मानली जाते, म्हणून फुल्यांचा आक्षेप चुकीचा ठरत नाही. सार्वजनिक पैशाने देखणी इमारत उभारताना तिचा लाभ कोणाला, हा त्यांचा प्रश्न होता. मंडईने पुढे आपले समर्थन मिळवले ते तिच्या शिखरामुळे नव्हे. शेतमाल विकणारा आणि घरची भाजी घेणारा यांची जागा तिने टिकवली म्हणून.

शासनपुरस्कृत स्वस्त जेवणाचा अनुभवही येथे उपयुक्त ठरतो. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली. किंमत सर्वांच्या आवाक्यातली होती, पदार्थ येथल्या मातीतला होता. तरी योजना टिकली नाही. अनुदान आटले, अनेक केंद्रांच्या जागेवर दुसरेच खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीने हाच विचार पुन्हा मांडला. या योजनांतून एक धडा मिळतो. केवळ स्वस्त दर पुरेसा नाही; जागेचा ताबा, हिशेब व दायित्व सांभाळणारी संस्था मागे नसेल, तर योजना संपते आणि जागा तेवढी कोणाच्या तरी हाती राहते.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

हा विचार मुंबईपुरता राहू नये, असे यवतमाळ जिल्ह्याचे वास्तव सांगते. १९०५ पर्यंत वणी (वून) जिल्हा या नावाने ओळखला गेलेला हा प्रदेश कापसाचा. मुंबईच्या गिरण्यांचा आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीचा संबंध थेट आहे. सरकी वेगळी करणारे रेचे, रुईच्या गाठी बांधणारे दाबकारखाने आणि गाठी वाहून नेणारी अरुंदमापी 'शकुंतला' रेल्वे ही त्या संबंधाची येथली रूपे होत. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने उभा राहिला. त्यावर १९२१ मध्ये मँचेस्टर येथे बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. आज त्या मार्गावर गाडी नाही आणि स्थानकांच्या इमारती निरुपयोगी उभ्या आहेत. विदर्भातील अनेक गावांच्या जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या आवारांची स्थिती याहून वेगळी नाही. पडझड होत असलेल्या अशा वास्तूला उद्या कोणी खाद्यदालनाचा आराखडा दिला, तर तो नाकारण्याचे कारण नाही. तपासण्याचे कारण मात्र आहे.

वणी व करंजी यांच्या दरम्यानच्या रस्त्यावरील मारेगाव हे तालुक्याचे गाव या तपासणीसाठी योग्य परिमाण ठरते. तहसील कचेरीत कामासाठी आलेला शेतकरी, आठवडी बाजाराला आलेली कोलाम वा गोंड स्त्री, खेड्यावरून एस. टी. ने येणारा विद्यार्थी आणि कापूस विकून परतणारा गाडीवान हा अशा गावातील जेवणारा समुदाय होय. बाहेरून आलेला पर्यटक येथे नाही. त्यामुळे मुंबई वा माद्रिदचा नमुना येथे आर्थिकदृष्ट्याही चालणार नाही. येथे ज्वारीची भाकरी, झुणका, आंबाडीची भाजी, पाटोडी, गोळाभात हे पदार्थ 'पारंपरिक मेजवानी' म्हणून महाग विकण्याचे नसून रोजच्या भुकेसाठी रास्त दरात देण्याचे आहेत.

अशा दालनासाठी लागणाऱ्या यंत्रणा नव्याने शोधाव्या लागत नाहीत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या व पुढे 'उमेद' अभियानाच्या माध्यमातून बचतगटांचे जाळे गावोगावी पोचले आहे. प्रदर्शनांत चार दिवस गाळा मिळण्यापलीकडे या स्त्रियांना कायम जागा क्वचित मिळते. जुन्या वास्तूतील गाळे लिलावाने न देता बचतगटांच्या संघाला दीर्घ मुदतीच्या करारावर देणे, प्रत्येक गाळ्यावर एक ताट ठरलेल्या दरात ठेवणे आणि व्यवस्थापन समितीत रांधणाऱ्या व जेवणाऱ्या दोघांचे प्रतिनिधी घेणे, या तीन अटी करारातच नोंदवता येतील. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना किमान चाळीस टक्के आणि त्यांत स्त्रियांना एक तृतीयांश प्रतिनिधित्व दिले आहे. हेच सूत्र येथे लावण्यास कोणतीही तात्त्विक अडचण दिसत नाही. वास्तू बाहेर ज्यांच्या हातगाड्या आधीपासून उभ्या आहेत, त्यांना हटवून आत खाद्यदालन उघडणे हे तर या कायद्याच्या हेतूशीच विसंगत ठरेल.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दर मर्यादित ठेवल्यास जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचा खर्च गाळ्यांच्या भाड्यातून निघणार नाही. नेमक्या याच अडचणीमुळे खासगी विकासकाला निमंत्रण दिले जाते. याचे उत्तर असे की, दुरुस्तीचा भांडवली खर्च हा वारसाजतनाचा खर्च आहे; तो भुकेल्या माणसाच्या ताटावर चढवणे न्याय्य नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, शासन व लोकवर्गणी यांनी तो उचलावा आणि दालनाने केवळ दैनंदिन खर्च भागवावा. हे शक्य नसेल, तर वास्तूला ग्रंथालय, बाजार-ओटा वा वसतिगृह असा दुसरा उपयोग शोधावा. महागड्या दालनाला 'सामुदायिक' म्हणण्यापेक्षा ते अधिक सचोटीचे ठरेल.

समारोप

उपरोक्त विवेचनातून असे म्हणता येईल की, जुन्या वास्तूचे खाद्यदालनात रूपांतर ही स्वतःहून इष्ट वा अनिष्ट गोष्ट नाही. गिरणगावात वास्तूचा देह राहिला. तिच्याभोवती वाढलेली अन्नव्यवस्था व ती चालवणाऱ्या स्त्रियांचा हक्क मात्र त्या रूपांतरात गणलाच गेला नाही. कोलकात्यात वास्तू जीर्ण झाली, पण व्यवहार व मालकी टिकली. पुण्याच्या मंडईत मूळ वापरच वास्तूचा रक्षक ठरला. या तिन्ही अनुभवांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे : जेवण हा वास्तूच्या जतनाचा मार्ग व्हायचा असेल, तर रांधणाऱ्याचा हक्क, जेवणाऱ्याची ऐपत आणि निर्णयातला दोघांचा वाटा यांचेही जतन त्याच आराखड्यात झाले पाहिजे.

महाविद्यालयांना यात करण्यासारखे बरेच आहे. तालुक्यातील जुन्या जिनिंग, स्थानके, धर्मशाळा व बाजार-इमारतींची नोंद अद्याप पद्धतशीरपणे झालेली नाही. इतिहास, अर्थशास्त्र, गृहअर्थशास्त्र व मराठी या विभागांनी मिळून ती करता येईल. त्या नोंदीत इमारतीच्या लांबीरुंदीबरोबर तेथे काम केलेल्या माणसांच्या आणि त्यांना जेवू घातलेल्या बायांच्या आठवणीही घ्याव्यात. आराखडे मंजूर झाल्यावर आक्षेप नोंदवण्यापेक्षा, आराखडा काढणाऱ्याच्या हाती अशी नोंद आधीच ठेवणे अधिक परिणामकारक ठरेल.